पत्ता बदलला आहे

४ नोव्हेंबर, सोमवार

बॅगेचं चाक फाट्यावरच निखळलं. ते जाकिटाच्या खिशात टाकलं, बॅग उचलली आणि डावीकडे की उजवीकडे म्हणून उभी राहिले. बस धुक्यात निघून गेली होती. दोन रस्ते, दोन्ही सारखेच ओले, पाटी एकावरही नाही. दिव्याच्या खांबापाशी एक बाई उभी होती. राखाडी कोट, हात खिशात. मी तोंड उघडायच्या आत तिने एक हात बाहेर काढून डावीकडे दाखवलं. मी आभार मानले, तर नुसती बघत राहिली. इथली माणसं कमी बोलतात असं दिसतंय. माझ्या पथ्यावरच पडेल.

घर लगेच आलं. विटांचं, दुमजली. खाली पुढच्या खोलीत ऑफिस, मागे काकू राहतात, वर माझी खोली. काकू म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख. लहान गावांच्या पाणीपुरवठ्याचे पंप चालवणारं एक सॉफ्टवेअर आहे. कुणीही फुकट घ्यावं, कुणीही उघडून दुरुस्त करावं. ते या एका खोलीतून सांभाळलं जातं. दूरदूरचे इंजिनिअर, अगदी त्यांच्याहून वयाने मोठेसुद्धा, पत्रात त्यांना काकूच लिहितात. त्यांनी माझ्या हातातून बॅग घेतली, चाक कुठाय म्हणून विचारलं, आणि चहा होईपर्यंत बसवूनही दिलं. ऑफिसात दुसरा माणूस घुबड. पहाटेपर्यंत प्रोग्राम लिहितो आणि दुपारी टेबलावर डोकं टाकतो, म्हणून घुबड. त्याने डोकं न उचलता स्वागत केलं आणि विचारलं की चहा पितेस ना, की तूसुद्धा नुसतं गरम पाणी.

घरात मोबाइलला रेंज नाही. माझ्या टेबलावरचा फोन वापरायचा. संध्याकाळी ताईकडे लावला. माझ्या लेकीला, भिंगरीला, आधी खिडकीतून काय दिसतं ते हवं होतं. सांगितलं: फाटा दिसतो, डावा रस्ता आपल्याकडे येतो, उजवा जुन्या दगडखाणीकडे जातो. मग खाणीत पाणी आहे का, खोल आहे का, मासे आहेत का. सात वर्षांची आहे आणि एका जागी उभी राहून फोन करू शकत नाही. मध्येच धपकन काहीतरी पडलं आणि मागून ताईचा आवाज आला, की सुटली एकदाची मेली फुलदाणी.

तीन महिने उमेदवारी आहे. काम पसंत पडलं तर कायम, मग भिंगरी इथे, शाळाही इथलीच. खोलीत दुसरी खाट मावते. आल्याआल्या तेच पाहिलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

काम आवडलं. सॉफ्टवेअरबरोबर त्याची माहितीपुस्तिका असते, हजारो पानांची, अनेकांनी अनेक वर्षं लिहिलेली. प्रत्येक पानावर लिंका: हे समजलं नाही तर तिथे पाहा, तो भाग अमक्याने समजावला आहे. लिहिणारी माणसं पांगतात, पानं जागा बदलतात, लिंक तशीच राहते. पंप बंद पडलाय, गावाला पाणी नाही, आणि पंपवाला दाबतो ती लिंक कुठेच जात नाही. माझं काम तुटलेल्या लिंका जोडायचं.

सकाळी एक प्रोग्राम सगळ्या लिंकांची दारं वाजवून येतो. जिथून उत्तर येत नाही त्या लाल करून माझ्यापुढे ठेवतो. घुबड त्याला पोस्टमन म्हणतो.

काकूंची पद्धत सोपी आहे. पान कधीच पुसायचं नाही. हललं असेल तर जुन्या जागी पाटी लावायची, की पत्ता बदलला आहे, इकडे या. पाटी प्रोग्रामची असते, माणसाला दिसत नाही. तो जुन्या पत्त्यावर जातो आणि आपसूक नव्यावर पोचतो. पाटी किती दिवस ठेवायची, असं मी विचारलं. जुन्या पत्त्यावर कुणीतरी येतंय तोवर, असं काकू म्हणाल्या. कुणीच फिरकत नाही असं दिसलं, की उतरवायची. उगाच पसारा कशाला.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज ‘आमची माणसं’ नावाचं पान घेतलं. काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, त्याखाली त्याच्या स्वतःच्या पानाची लिंक. एक लाल होती. माझ्या आधी या टेबलावर बसणाऱ्या बाईची.

काकूंना विचारलं, ती कुठे असते, म्हणजे नवा पत्ता घालते. त्या म्हणाल्या, ती हलली. कुठे हलली ते बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की तिचं पान तुझ्या पानाकडे वळव. तिच्या जागी तू आहेस, तिला शोधणाऱ्याचं काम तूच करणार आहेस, सरळ आहे की.

सरळच होतं. बदल करताना कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: ‘शोधणाऱ्याला हेलपाटा पडू नये.’ काकूंनी वाचलं, छान लिहितेस म्हणाल्या.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. टोपी काढून झटकली, खुंटीवर अडकवली, खुंटी कुठे आहे हे न बघता. माझ्या टेबलासमोर बसले आणि केस का कापलेस म्हणाले. मी सांगितलं, आजोबा, तुमची काहीतरी गल्लत होतेय. ते हसले. म्हणाले, लहानपणापासून तुझं हेच, रुसलीस की ओळख दाखवायची नाहीस.

ते तिचे वडील, आधीच्या बाईचे. दर गुरुवारी बसने येतात. म्हातारपणी होतं असं, असं मी मनाशी म्हटलं. पण तासभर बसून त्यांनी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनाने सोडवलं, माझं घड्याळ पुढे आहे हे दाखवून दिलं, आणि घुबडाला गेल्या महिन्यात तू मला छत्री द्यायची होतीस याची आठवण करून दिली. घुबडाने मुकाट्याने दिली. फक्त माझ्याबाबतीतच ते चुकत होते.

त्यांना चहा दे, बसू दे, असं काकूंनी खुणेनेच सांगितलं. ते जाताना मी विचारलं, रस्ता सापडतो ना नीट? ते म्हणाले, न सापडायला काय झालं, फाट्यावर ती बाई दाखवते की.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आठवडाभरात: दातांच्या डॉक्टरांचा निरोप, की तुमची दाढ अर्धी राहिली आहे. तिच्या मैत्रिणीचं पार्सल, आत लोकरीचे हातमोजे. नाव तिचं, पत्ता या घराचा, इथवर ठीक. पण मैत्रिणीने आज फोन केला, माझा आवाज ऐकला, आणि न थांबता संसाराची सगळी रडगाणी सांगितली. मी कोण ते मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, पुरे झाली तुझी नाटकं.

काकू समोर बसून भाजी निवडत होत्या. वर बघत नव्हत्या. न बघण्यातही एक बघणं असतं.

म्हातारे आले. मी पुन्हा सांगितलं. ते या वेळी हसले नाहीत. म्हणाले, माझं काही चुकलं असेल तर सांग ना.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

हरवलेल्या पानांच्या जुन्या प्रती कुठेतरी सापडतात. ते शोधणं माझ्या कामाचाच भाग आहे. आज तिचं पान सापडलं. दोन परिच्छेद, नेमके, माझ्यापेक्षा चांगले लिहिलेले. शेवटी फोटो. राखाडी कोट.

जेवणाच्या सुट्टीत फाट्यावर गेले. ती खांबापाशी होती. मी तिला नावाने हाक मारली. तुमचे वडील माझ्याकडे येतात, तुमच्याकडे नाही, हे तुम्हाला माहीत आहे का, असं विचारलं. तिने हात वर केला आणि घराच्या दिशेने दाखवलं. मी म्हटलं घर मला माहीत आहे, तुम्ही इथे काय करता ते सांगा. हात तसाच. मग लक्षात आलं की मी तिच्या आणि घराच्या मधे उभी आहे आणि तिचं बोट माझ्या छातीवर रोखलेलं आहे.

परत आले तर काकूंनी विचारलं, धुक्यात कुठे गेली होतीस. पाय मोकळे करायला, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, जपून गं, खाणीच्या बाजूला कठडा नाही.

त्यांनी मला जाताना पाहिलं होतं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

तिच्या पानावरची पाटी काढली. माझीच होती, मीच काढली. कारणाच्या जागी काही लिहिलं नाही.

फोन दिवसभर वाजला नाही. हलकं वाटलं. भिंगरीशी खूप बोलले. तिला इथल्या शाळेचं फाटक निळं आहे हे सांगितलं. तिला हिरवं हवं होतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार



म्हातारे बसमधून उतरले ते मी वरून पाहिलं. ती खांबापाशी होती, पण दोन्ही हात खिशात. ते तिच्यासमोरून गेले. डावीकडे आले, आमच्या फाटकापुढे उभे राहिले. मी खिडकी उघडून हाक मारली. त्यांनी वर पाहिलं नाही. घराकडे पाहिलं, जसं मोकळ्या प्लॉटकडे पाहावं. मग परत फिरले. मग पुन्हा आले. टोपी हातात धरून रस्त्याने वर-खाली, वर-खाली. पाऊस सुरू झाला. शेवटी ते फाट्याकडे वळले आणि उजवीकडे गेले.

मी खाली धावले. घुबड माझ्या आधी बाहेर पडला होता. त्याने त्यांना खाणीच्या काठावरून आणलं, गुडघ्यापर्यंत चिखल. घुबडाच्या हातात हात, तरी फाटकातून आत यायला तयार नाहीत. इथे काही नाही, म्हणत होते. इथे काही नाही.

काकू दारात उभ्या होत्या. मला एवढंच म्हणाल्या, बघ बाई. तुझं काम आहे.

मी आत गेले. पाटी लावली. कारण लिहिलं: ‘शोधणाऱ्याला हेलपाटा पडू नये.’ वळले तर ते आत येत होते. म्हणाले, अगं, कुठे होतीस तू?

मी म्हटलं, इथेच होते, बाबा.

पाय पुसले त्यांचे. तिचे हातमोजे घातले त्यांना.

२९ नोव्हेंबर

काल खिडकीतून तिला पाहिलं होतं, ते लिहायचं राहिलं. मी ‘बाबा’ म्हटलं तेव्हा ती खांबाला टेकून खाली बसली होती. एवढ्या लांब ऐकू कसं जाईल.

घुबडाला विचारलं, त्याला हे सगळं माहीत आहे का. तो म्हणाला, मी कोड लिहितो. माहितीपुस्तिकेतलं काकूंना विचार.

५ डिसेंबर, गुरुवार

म्हातारे आले नाहीत. दुपारी त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. झोपेतच गेले. शेजारी मला धीर देत होते, बापाविना पोरीला द्यावा तसा. मी नाही म्हटलं नाही. मी खरंच रडले.

संध्याकाळी खिडकीतून पाहिलं. खांबापाशी कुणी नाही.

खाली आले. लाल लिंकांखाली एक ओळ: तिची पाटी उतरवली. बदल काकूंचा. कारण: ‘आता कुणी येत नाही.’

६ डिसेंबर

दाराजवळच्या खुंटीवर राखाडी कोट. ओला. काकू म्हणाल्या, राहिलाय इथेच, थंडी वाढतेय, तुला होईल.

हात लावला नाही.

९ डिसेंबर, सोमवार

नवीन मुलगी आली. घुबडाने फाट्यावरून आणली. आनंदी आहे, हसते फार, बॅगेवर फुलं. काकू म्हणाल्या की तू दमलेली दिसतेस, तुला जरा हलवू. हाच शब्द. कुठे, विचारलं. जागा रिकामी आहे एक, म्हणाल्या.

वरची खोली तिला. माझं सामान जिन्याखाली. माझ्या टेबलावर ती. आज तिने ‘आमची माणसं’ हे पान घेतलं.

मी तिला म्हटलं, माझ्या नावाला हात लावू नकोस. काहीही झालं तरी. ती म्हणाली, अय्या, ते तर सकाळीच केलं.

पाहिलं. माझं पान तिच्या पानाकडे. नीटनेटकं काम. कारण: ‘शोधणाऱ्याला हेलपाटा पडू नये.’ हे शब्द कुठून घेतलेस म्हणून विचारलं. सुचले, म्हणाली.

मी ते काढायला गेले. माझा पासवर्ड चालत नाही.

१० डिसेंबर

मुलगी फोनवर होती. लाजत होती, हसत होती. नंतर काकूंना सांगताना ऐकलं, की कुणाची तरी पोर आहे, मला आई म्हणते, किती सांगितलं तरी ऐकत नाही. काकू म्हणाल्या, बोल गं दोन शब्द. लहान आहे.

मी लगेच ताईकडे लावला. भिंगरी म्हणाली, कोण?

मग म्हणाली, माझी आई आत्ताच तर बोलली.

११ डिसेंबर

मोबाइल घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेले. रेंज आली. ताई. मी म्हटलं, ताई, मी. ती म्हणाली, आपण कोण बोलताय? लहानपणी जिन्यावरून पडले ते सांगितलं, हनुवटीवरचा व्रण सांगितला. ती म्हणाली, हे तुम्हाला कुणी सांगितलं. घाबरली होती. माझी ताई मला घाबरली—

१२ डिसेंबर

बसमध्ये चढले. तिकीट काढलं, ताईच्या गावाचं. डोळा लागला. कंडक्टरने उठवलं, गाडी वळवली आहे म्हणाला, पुढे रस्ता बंद. उतरले. खांब. फाटा.

पुन्हा चढले. पुन्हा तेच.

१३ डिसेंबर

घुबड दुसरी खाट वर नेत होता. माझ्याकडे बघेना. मी वाट अडवली. तो म्हणाला, जाऊ दे ना. मग खाट टेकवून जिन्यावर बसला. म्हणाला, आधीची माझी बहीण होती. मला तेव्हा कळलंही नाही. म्हातारे छत्री मागायचे तेव्हा वाटायचं, कोण हे—

आणि उठून खाट घेऊन वर गेला.

१५ डिसेंबर, रविवार

जागा कायम झाली, तीन महिने व्हायच्या आधीच. तिची. काकूंनी ताईला कळवलं. उद्या सकाळच्या बसने ताई भिंगरीला घेऊन येतेय.

ती मुलगी रडत होती. मी काय करू त्या पोरीचं, मला नाही हो मूल. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. सवय होते, म्हणत होत्या. चांगली मुलगी आहे ती. तिचा काही दोष—

ठरवलं आहे. घरापर्यंत येऊच द्यायचं नाही. फाट्यावरच गाठायचं. उतरल्याउतरल्या. फोनवर आवाज चुकतो, कागदावर नाव चुकतं. समोरासमोर मला बघेल. मला बघितल्यावर नाही चुकणार. सात वर्षं माझ्या कुशीत—

बस यायच्या आधी जाऊन उभी राहीन.

१६ डिसेंबर, सोमवार, सकाळ

थंडी फार होती. कोट घातला. धुकं. खांबाला टेकून उभी राहिले, बस आली.

आधी ताई उतरली. मग भिंगरी, दोन्ही पाय एकदम टाकून, उडी मारून, नेहमीसारखी. मी हाक मारली. दोघींनी बघितलं. भिंगरी हसली. अनोळखी माणसाकडे बघून हसायचं, असं मीच शिकवलं आहे तिला.

मी बोलले. सगळं बोलले. माझं नाव, तिचं नाव, फुलदाणी, निळं फाटक. ताई मागे सरकली आणि भिंगरीचा हात घट्ट धरला. म्हणाली, चल गं, बघू नकोस तिकडे.

रस्ता त्यांना माहीत नव्हता, फोनवर सांगितलेलं भिंगरी विसरली असावी. बस गेली होती. ताईने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग झपाझप निघाली, माझ्यापासून लांब, उजवीकडे. भिंगरी तिच्याबरोबर उड्या मारत. धुक्यात आधी ताई गेली, मग भिंगरीची टोपी. कठडा नाही तिकडे. मी ओरडले तशी ताई पळायला लागली. पावलं ऐकू येत होती.

गप्प झाले. पावलं थांबली. भिंगरीचा आवाज आला, त्या मावशींना विचारू या ना, त्यांना माहीत असेल.

त्या परत आल्या. भिंगरी पुढे. म्हणाली, मावशी, माझी आई कुठे राहते?

मी हात वर केला. डावीकडे दाखवलं.

थँक यू म्हणाली. गेल्या. फाटक वाजलं, दार उघडलं, आणि आई म्हणून तिने जी आरोळी ठोकली ती इथवर—

हात खाली घेतला. नऊ वाजले असतील. धुकं विरलंय, घर स्वच्छ दिसतं आहे. वरच्या खिडकीत भिंगरी उभी आहे. कुणाला तरी फाटा दाखवते आहे, डावा रस्ता, उजवा रस्ता. रस्ता पाठ झाला तिचा. आता तिला कुणाला विचारायची गरज